मंगळवार बेकरचा

मिस्त्री त्या घरात राहायला आला तेव्हा मोडलेल्या संसारातून त्याच्या वाट्याला एक पत्र्याची ट्रंक आणि एक प्रेशर कुकर आला होता. कुकर वकीलबाईंनी दारातच काढून घेतला.

"इथं स्वयंपाकघर एकच आहे," त्या म्हणाल्या. "हा आता सगळ्यांचा. ट्रंक तुझी."

मिस्त्रीला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकट्या माणसाला कुकर लागतो कशाला? ट्रंक खांद्यावर टाकून तो वरच्या मजल्यावर सहा नंबरच्या खोलीत गेला. खोल्यांना नंबर होते, कारण ती इमारत पूर्वी शिकाऊ नर्सेसचं वसतिगृह होती. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना सारख्या मापाच्या खोल्या, टोकाला सामाईक मोऱ्या आणि खाली एक भलंमोठं स्वयंपाकघर. वसतिगृह बंद पडलं तेव्हा वकीलबाईंनी ती जागा लांब मुदतीच्या भाड्यानं घेतली आणि एकेक माणूस वेचून आणला. त्या स्वतः निवृत्त आणि एकट्या. जन्मभर वाटण्यांचे आणि पोटगीचे खटले चालवलेले. रक्ताच्या नात्यांवर त्यांचा विश्वास पोलिसाचा चोरावर असतो तेवढाच होता. ज्यांना आपलं म्हणावं असं कुणी उरलेलं नाही त्यांनी एका छपराखाली राहावं, एका टेबलावर जेवावं, कामं वाटून घ्यावीत आणि म्हातारपणी एकमेकांना दवाखान्यात न्यावं, असा त्यांचा साधा हिशेब होता. दर रविवारी सकाळी बैठक व्हायची. एक जण जरी नाही म्हणाला तरी ठराव बारगळायचा.

चार भांडी एकत्र आली की वाजतात. इथं पाच होती आणि ती रोज वाजायची. मोरीत केस कुणाचे, दुधावरची साय कोण खातं, व्हरांड्यातला दिवा दिवसा चालू कुणी ठेवला. एका रविवारी तर पायपुसणी कुणी धुवायची ह्यावरून जेवणाची वेळ टळली. शेजारपाजारचे त्या घराला धर्मशाळा म्हणायचे. पण वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पडून होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला माणूस चुकला नाही, हेही शेजाऱ्यांनीच पाहिलं होतं.

मिस्त्री लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. भल्या सकाळी बाहेर पडायचा आणि दुपारी मोकळा व्हायचा. बोलणं जेमतेम. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की दाराबाहेरून त्या माणसाशी जे बोलायचा, तेच काय ते त्याचं भाषण: "मी आलोय. दार ढकलू नका. खाली बसून घ्या." तळमजल्यावरचा बेकर म्हणायचा, "ह्याच्या तोंडून दोन शब्द काढायचे तर माणसानं आधी स्वतःला कोंडून घ्यायला हवं."

सिस्टर आली ती दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन. सरकारी दवाखान्यात नर्स, ड्यूटी पाळीपाळीनं, नवरा परागंदा. मुलगी इतकी बारकी, आणि जमिनीवर सांडलेली साखर इतक्या एकाग्रतेनं वेचून खायची, की दुसऱ्या दिवशीच तिचं नाव मुंगी पडलं.

सिस्टरची ड्यूटी आणि मुलगी ह्यांची सांगड काही बसेना. विषय रविवारी बैठकीत आला. वकीलबाईंनी तो चुटकीसरशी सोडवला.

"पूर्वी गरिबाची मुलं वार लावून जेवायची," त्या म्हणाल्या. "ही वार लावून वाढेल."

सगळे हसले आणि वार लागले. दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत मुंगी ज्याची त्याच्या वारी. सोमवार आणि शुक्रवार मिस्त्रीचे. मंगळवार बेकरचा. बुधवार मागच्या खोलीतल्या शिंपीणबाईचा, गुरुवार मास्तरांचा, शनिवार खुद्द वकीलबाईंचा. रविवारी सिस्टरला सुट्टी असायची. पुढे मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिला शाळेतून आणणंही वारातच धरलं गेलं.

ह्या सगळ्याला एक नियम होता आणि तो वकीलबाईंनी दोनदा बोलून दाखवला. मुंगी सगळ्यांची, कुणा एकाची नाही. तिला एकट्यानं वेगळं काही आणून द्यायचं नाही, आपल्या वाराखेरीज तिला ओढून न्यायचं नाही.

"एवढं कडक कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"एकानं उचललं की बाकीचे खाली ठेवतात," वकीलबाई म्हणाल्या. "मी हे जन्मभर पाहिलंय. शिवाय ज्यानं उचललं त्याला उद्या हक्क वाटायला लागतो."

मिस्त्रीनं सगळ्यांबरोबर मान डोलावली. त्याला तो नियम पटला होता. पटून घेतलेला नियम मोडताना माणूस जास्त काळजी घेतो, एवढंच.

त्यानं सुरुवात बेकरपासून केली. सुरुवात केली असंही म्हणता येणार नाही, ती झाली. बेकर पहाटेपूर्वी भट्टीवर जायचा आणि दुपारी त्याला झोप हवी असायची. मंगळवारी मुंगी त्याच्या छातीवर बसून त्याच्या पापण्या बोटांनी उघडायची. एका मंगळवारी मिस्त्री म्हणाला, "तू झोप. मी बघतो तिला."

"आणि मी काय करू त्याच्या बदल्यात?"

"काही नको."

"फुकट काही घ्यायचं नाही, असं ठरलंय इथं."

"मग तुझी बुधवारची भांडी मी घासतो."

बेकर उठून बसला. "माझा वारही तू घेणार आणि भांडीही तूच घासणार? हा कुठला व्यवहार?"

मिस्त्रीच्याही ते लक्षात आलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि त्याला माघार घेता येईना. "घासू दे मला," तो म्हणाला. "हाताला ग्रीस असतं, राखेनं निघतं."

बेकरनं जांभई दिली आणि कुशीवर वळला. तो मंगळवार जो गेला तो परत बेकरकडे आलाच नाही.

मास्तरांचे गुडघे दुखायला लागल्यावर गुरुवार आला. शिंपीणबाईला लग्नसराईत दम खायला फुरसत नसायची; तिचा बुधवार आला आणि त्या बदल्यात मिस्त्री तिच्या मशीनला तेलपाणी करायला लागला. वकीलबाईंनी मात्र आपला शनिवार कधी सोडला नाही. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकट्यानंच आपला वार देऊन टाकलाय. त्यामुळे प्रत्येकाला थोडी लाज वाटायची आणि कुणीच बैठकीत तोंड उघडायचं नाही.

मुंगीला मिस्त्री दर वेळी एक कारण सांगायचा. शाळेच्या फाटकाशी ती धावत यायची, थांबायची आणि म्हणायची, "आज मंगळवार ना? मंगळवार बेकरचा."

"बेकरला बरं नाही."

"आणि काल?"

"काल सोमवार. माझाच होता."

मग दोघं चालायला लागायची. पंक्चरवाल्याच्या दुकानावरून, इस्त्रीवाल्याच्या खिडकीखालून, जिथं कोळशाची ऊब रस्त्यावर यायची. दप्तर मिस्त्रीच्या एका खांद्यावर, दुसऱ्या खांद्यावर हत्यारांची पिशवी. मुंगीच्या तोंडाची टकळी चालू. अडकलेल्या माणसांच्या गोष्टी तिला फार आवडायच्या. "आज कोण अडकलं?" हा तिचा रोजचा प्रश्न. कुणी अडकलं नसेल तर मिस्त्रीला नाइलाजानं कुणाला तरी अडकवावं लागायचं. अशा रीतीनं त्यानं एक तबलजी, दोन जुळ्या म्हाताऱ्या आणि एक बकरी अडकवली.

"बकरीला तू काय म्हणालास?"

"दार ढकलू नका म्हटलं."

"बकरीला 'नका' म्हणतात का?"

"अनोळखी होती ना."

ज्या माणसाला टेबलावर मीठ मागायचा कंटाळा यायचा, तो ह्या मुलीशी शाळेपासून घरापर्यंत अखंड बोलायचा. जिन्याच्या पोकळीत त्यानं तिला टोपली आणि दोर लावून एक छोटी लिफ्ट करून दिली. ती लिफ्ट वेगळी वस्तू म्हणून धरली जाऊ नये म्हणून बैठकीत त्यानं सांगितलं, "मास्तरांना पाव वर पाठवायला केलीय." मास्तरांना वर्षभर टोपलीतून पाव जात राहिले आणि पावाबरोबर चिंचेचे चिंचोके, मेलेला भुंगा आणि एकदा मास्तरांचाच हरवलेला चष्मा. मास्तर वरून ओरडायचे, "माल मिळाला. पोच लिहून घ्या."

मुंगीला अ आ इ मास्तरांनी शिकवलं, हिशेब वकीलबाईंनी, पण तिला दात पडायची भीती वाटते आणि ताप चढायच्या आधी तिचा डावा कान लाल होतो, हे घरात फक्त मिस्त्रीला ठाऊक होतं. सिस्टरलाही ते त्याच्याकडून कळलं. तिला त्याचं वाईट वाटलं असावं. आठव्या वर्षी मुंगी अचानक आपली वेणी आपण घालायला लागली. वाकडी घालायची, पण हात लावू द्यायची नाही. डबा आपण धुवायची, बुटांना पॉलिश आपण करायची. मिस्त्रीला कौतुक वाटलं आणि थोडं लागलंही.

वर्षातून एकदा मिस्त्रीची थोरली बहीण त्याला बघायला यायची. तिला ते घर पटत नसे. स्वयंपाकघरात बसून ती तिथल्याच चहाचे घोट घेत तिथल्या लोकांना नावं ठेवायची.

"बारभाईची शेती, काय लागेल हाती," ती म्हणाली. "कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. तू दुसरं लग्न का करत नाहीस?"

"बरं चाललंय माझं, ताई."

"दिसतंय. दुसऱ्याच्या पोरीचे फ्रॉक वाळत घालतोयस." तिनं कप खाली ठेवला. तिचा आवाज जरा खाली आला. "अरे, उद्या ती बाई उठून मुलीला घेऊन गेली, तर तू कोण?"

"कशाला जाईल?"

"जाईल असं नाही म्हणत मी. गेली तर, म्हणतेय."

मिस्त्रीनं दारातल्या दोरीवरच्या फ्रॉकचा चिमटा काढून पुन्हा लावला. बहिणीनं विषय बदलला. लहानपणापासून तिला माहीत होतं की हा गप्प झाला म्हणजे लागलंय.

दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्याशी सिस्टर लग्न करणार, ही बातमी तिनं स्वतःच रविवारी टेबलावर सांगितली. माणूस चांगला होता. दोनतीनदा जेवायला येऊन गेला होता, आपलं ताट आपण घासून. बेकरनं टाळ्या वाजवल्या. शिंपीणबाई म्हणाली, ब्लाउज मी शिवणार. वकीलबाईंनी सिस्टरच्या पाठीवर हात ठेवला आणि मग विचारलं, "इथंच राहणार ना दोघं?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "शहराच्या त्या टोकाला त्याचं घर आहे. महिनाअखेरीला जाऊ."

जाणाऱ्याला कारण विचारायचं नाही आणि अडवायचं नाही, असंही त्या घरात ठरलेलं होतं. तरी सिस्टरनं कारण सांगितलं. "मला एकदा माझं म्हणून स्वयंपाकघर हवंय. डाळ कुठं ठेवली हे कुणाला विचारायला नको." ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. "तुम्ही सगळ्यांनी केलं ते मी विसरणार नाही. सगळ्यांनी मिळून वाढवलीत तिला."

मिस्त्री भाकरीचा तुकडा चावत होता. तो त्यानं बराच वेळ चावला.

तिसऱ्या दिवशी सिस्टर गच्चीवर चादरी वाळत घालत होती तेव्हा तो वर गेला. चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती झटकली.

"मी शनिवारी येऊ का तिकडे?" तो म्हणाला. "मुंगीला भेटायला. तासभर. बागेत वगैरे नेईन."

सिस्टरनं चादरीला चिमटा लावला. ती वाईट बाई नव्हती. सात वर्षांत मिस्त्रीनं काहीही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि तेच तिला आता अवघड जात होतं.

"बाकीच्यांनाही वाटेल मग," ती म्हणाली. "बेकर म्हणेल मी मंगळवारी येतो. मास्तर गुरुवारी. तिथं पुन्हा वार लागतील. मला ते संपवायचं आहे रे. तिला एक आई, एक बाप, एक दार मिळू दे की. शेजारी विचारतील हे कोण. काय सांगू मी?"

ह्या क्षणी त्याला सांगता आलं असतं. बेकर येणार नाही, मास्तर येणार नाहीत. चार वर्षं मीच येतोय. पण ते सांगायचं म्हणजे बेकरची, मास्तरांची आणि शिंपीणबाईची चहाडी करायची, आणि त्या घरात तो नियमानं राहिला नाही हेही कबूल करायचं. शिवाय चादरीपलीकडच्या ह्या बाईला, जी आत्ताच म्हणाली होती की सगळ्यांनी मिळून वाढवलीत, तिला खरं सांगून तिचं काय भलं होणार होतं?

"तसं काही नाही," तो म्हणाला.

सिस्टरला त्याची दया आली. "असं कर," ती म्हणाली. "तिलाच विचार. ती हो म्हणाली, तर ये. मी मध्ये पडणार नाही."

मुंगी जिन्यात बसून बुटांना पॉलिश करत होती. मिस्त्री तिच्या खालच्या पायरीवर बसला. सिस्टर रिकामी बादली घेऊन वरच्या वळणावर थांबली. ऐकू जाईल इतक्याच अंतरावर.

"तुम्ही जाल ना तिकडे," मिस्त्री म्हणाला, "मग शनिवारी मी आलो, तर चालेल?"

"शनिवार तर वकीलबाईंचा."

"त्यांच्याऐवजी."

मुंगीनं ब्रश थांबवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. नऊ वर्षांची मुलगी मोठ्या माणसासारखं पाहते तसं. मग तिनं पॉलिशचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. पँटवर चार काळी बोटं उमटली.

"नको," ती समजुतीनं म्हणाली. "तिकडे वार नसणारेत. आई म्हणाली. तुला आता यायला नको. तुला सुट्टी."

"सुट्टी?"

"हो. कायमची." आपण काहीतरी मोठं देतोय, अशा तोऱ्यात ती हसली.

"बरं," मिस्त्री म्हणाला.

वरच्या वळणावर बादलीची कडी वाजली आणि सिस्टरची पावलं परत गच्चीकडे गेली. तो विषय तिथं मिटला.

महिनाअखेरीला टेम्पो आला. सामान थोडंच होतं. मास्तरांनी वरून टोपलीतून एक चित्रांचं पुस्तक खाली सोडलं. बेकरनं मुंगीच्या तोंडाच्या आकाराचा पाव केला होता. तो पाहून ती म्हणाली, मी एवढी जाडी आहे का? सगळे हसले आणि त्या हसण्याआड शिंपीणबाईनं नाक पुसून घेतलं. मिस्त्रीनं कपाटाच्या दारांना दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि ड्रायव्हरला सांगितलं की वळणावर जरा हळू. मुंगी पुढच्या सीटवर बसून जाईपर्यंत हात हलवत होती. सगळ्यांना सारखाच.

पुढच्या रविवारी बैठकीत वकीलबाईंनी विषय काढला. "मुंगीचे वार गेले. वाईट वाटतंय, पण रडत बसून भागत नाही. प्रत्येकाची एकेक दुपार मोकळी झालीय. ती मागच्या अंगणाला देऊ. गवत माजलंय."

त्यांनी वही उघडली.

"बेकर, तुझा मंगळवार."

बेकरनं खुर्ची मागं सरकवली. "माझी कुठली दुपार मोकळी झाली?" तो म्हणाला. "मंगळवारी मी झोपतो. मंगळवार मी ह्याला दिला होता. कधीचाच."

"दिला होता म्हणजे?"

"म्हणजे तो आणायचा तिला."

"अरे," मास्तर म्हणाले, "मी गुरुवार दिला होता. गुडघ्यांमुळे. मला वाटलं, माझाच तेवढा."

शिंपीणबाईनं मशीनचं तेल लागलेल्या आपल्या बोटांकडे पाहिलं. "बुधवार," ती म्हणाली.

वकीलबाईंनी चष्मा काढला. कोर्टात साक्षीदार फुटल्यावर त्या असंच करत असाव्यात. सगळे मिस्त्रीकडे पाहत होते आणि मिस्त्री टेबलावरच्या कुकरकडे.

"म्हणजे शनिवार-रविवार सोडून सगळे वार ह्याचे," त्या म्हणाल्या. "आणि मी गावभर सांगत फिरते, की आमच्याकडे एक मूल सहा माणसांनी वाढवलं. मागच्या महिन्यात ती कॉलेजची मुलं आली होती आपलं घर बघायला, त्यांनाही तेच सांगितलं मी. त्यांनी लिहून घेतलं." त्यांनी चष्मा परत लावला. "बोलला का नाहीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात," मिस्त्री म्हणाला. "एकानं उचललं की बाकीचे खाली ठेवतात."

"ते मी बाकीच्यांना ठणकावायला म्हटलं होतं. तू ते स्वतःला लावून घेतलंस?"

"बाकीच्यांना कळलं असतं तर वार परत घ्यावे लागले असते."

बेकर हळूच म्हणाला, "मी नसता घेतला रे. खरं सांगतो. मला झोप प्यारी होती." त्यावर हसावं की नाही, कुणाला कळेना.

"सिस्टरला तरी सांगायचंस," शिंपीणबाई म्हणाली.

"आता सांग," वकीलबाई म्हणाल्या. "सिस्टरला नको. तिला काय सांगायचं ते मी सांगते, फोन करते. तू मुलीला सांग."

वकीलबाईंनी फोन केला. त्या काय बोलल्या ते मिस्त्रीनं विचारलं नाही. पण शनिवारी ये, असा निरोप आला.

घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट दुसऱ्या कंपनीची होती. दार मिटताना किंचित अडखळत होतं. सिस्टरनं दार उघडलं. तिनं पाणी आणलं. मग म्हणाली, "वकीलबाईंनी सांगितलं मला. मी किती मूर्ख. रोज कपड्यांना ग्रीसचा वास यायचा तिच्या. मला वाटायचं, सोमवारचाच."

"त्या पोहायला गेल्यात, येतीलच," असं एक्स-रेवाला स्वयंपाकघरातून म्हणाला. 'त्या' म्हणजे मुंगी आणि शेजारची तिची मैत्रीण. तो कांदा चिरत होता. डाळीचा डबा कुठं आहे ते त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

मुंगी आली ती ओल्या केसांनी. ती जरा उंच वाटत होती. मिस्त्रीला पाहून ती दारातच थबकली, मग तिचा चेहरा उजळला, मग लाजली. "चल, माझी खोली दाखवते," म्हणाली. खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी. ती कडी तिनं त्याला तीनदा लावून-काढून दाखवली.

"इथं दार ठोकून आत येतात," तिनं सांगितलं. "तिकडे कुणीपण यायचं. बेकर बरा आहे का आता?"

"बराच आहे. का?"

"दर मंगळवारी त्याला बरं नसायचं." तिनं त्याच्याकडे तिरकं पाहिलं. "मला काय माहीत नव्हतं? मंगळवार बेकरचा होता. मास्तरांचे गुडघे काय फक्त गुरुवारी दुखायचे? सगळे तुझ्यावर ढकलायचे मला."

मिस्त्री पलंगाच्या कडेला बसला. "कुणी ढकलत नव्हतं. मी मागून घ्यायचो."

"खोटं."

"खरं."

"मग बेकरची भांडी कोण घासायचं? मी बघायची ना, स्वयंपाकघराच्या दारातून. मला आणायचंस, मला जेवू घालायचंस, आणि वर त्याची भांडी. मला इतकं वाईट वाटायचं." ती हे सहज सांगत होती, तिच्या दृष्टीनं ते केव्हाच संपलं होतं. "म्हणून तर मी वेणी शिकले. म्हटलं, आपण सगळं आपलं आपण केलं, की ह्याला जरा काम कमी पडेल."

एक्स-रेवाल्यानं कांदा कढईत टाकल्याचा आवाज आला. मिस्त्रीला जे सांगायचं होतं ते त्यानं बसमध्ये चारदा जुळवलं होतं. त्यातलं आता काही उपयोगाचं नव्हतं.

"भांडी घासली, की मंगळवार मिळायचा," तो म्हणाला. "म्हणून घासायचो."

मुंगीच्या कपाळावर आठी आली. हिशेब ती वकीलबाईंकडे शिकली होती. तिनं तो दोन्ही बाजूंनी करून पाहिला.

"म्हणजे तुला यायचं असायचं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"मग सांगायचं ना," ती म्हणाली. राग नव्हता त्यात. दप्तर विसरून शाळेत आलेल्या मुलाला म्हणावं तसं ती म्हणाली. मग ती त्याच्या शेजारी बसली, ओले केस मागं सारले आणि उजव्या हाताची बोटं पुढं धरली.

"सोमवारी चित्रकला असते. मंगळवारी आई लवकर येते, आम्ही बाजारात जातो. बुधवारी मैत्रीण येते, तिला येऊ नको सांगू का?"

"नको."

"गुरुवारी पुन्हा चित्रकला. शुक्रवारी बाबा मला सायकल शिकवतात. शनिवारी पोहणं. रविवारी बाबांच्या आईकडे जावंच लागतं, ती रडते नाहीतर."

वार संपले. बाहेरून सिस्टरनं जेवायला हाक मारली. मिस्त्री उठायला लागला, तर मुंगीनं त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"थांब," ती म्हणाली. "एखादा राहिला असेल." आणि तिनं पुन्हा सोमवारपासून मोजायला सुरुवात केली.